इंदूरहून पुण्याला जाणारी रात्रीची बस: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

जून उजाडला की आमच्या लोकमान्य नगरात दर दोन घरांआड एकच प्रश्न ऐकू येतो, "पोरीला पुण्याला पाठवायचंय, कुठली बस चांगली?" कोणाला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, कोणाला हिंजवडीत पहिली नोकरी लागलेली असते. उलट्या बाजूनंही माणसं येतात. कोणी बदली होऊन इंदूरला आलेलं असतं, तर कोणी लग्न होऊन आलेली असते आणि तिला माहेरची वाट अजून पायाखालची झालेली नसते. मी या रस्त्यानं पंचवीस वर्षं जाते-येते आहे, आधी माहेरी आणि आता लेकीकडे. फोनवर एकेकाला जे सांगत आले, ते एकदा सगळं बसून लिहून काढते.

माझं सांगणं असं की ट्रॅव्हल्सचं नाव आणि मोबाइलवरचे चकचकीत फोटो सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन गोष्टी ठरवा: जाणारं माणूस कोण आहे, ते सकाळी नेमकं कुठे उतरणार, आणि रात्री दोन ते पाच या वेळात गाडी कोणाच्या हातात असणार. या तिन्हींची उत्तरं मिळाली की बस आपोआप ठरते.

रस्ता आधी समजून घ्या

रेल्वे आहे, पण दौंड एक्स्प्रेस रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातचा फेरा घालून पुण्याला पोचते. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या थेट मार्गाला केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यावरून गाडी धावेल तेव्हा धावेल, तोवर आपला आधार बसचाच. मध्यप्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्येच गुंडाळायचं ठरलं, त्यामुळे इकडच्या बहुतेक गाड्या खासगी. महाराष्ट्राची एसटी सरवटे स्टँडवर येते, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

पुणं इथून सुमारे ६०० किलोमीटर. बस बारा ते चौदा तास घेते. गाडी आपल्या एबी रोडनं, म्हणजे जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यानं, राऊ आणि मानपूर ओलांडून भेरूघाटात उतरते. तिथे माळवा संपून निमाड लागतो. मग धामणोद, खलघाटला नर्मदा, जुलवानिया, सेंधवा. सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरलात की महाराष्ट्र सुरू होतो: पळासनेर, शिरपूर, तापीचा पूल, धुळे, मालेगाव. इथवर सगळ्या गाड्यांची वाट एकच.

मालेगावच्या पुढे वाटा फुटतात आणि नवख्या माणसाची गफलत नेमकी इथेच होते. काही गाड्या मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी करत नगरवरून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरवरून, पुण्यात शिरतात. (अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातलं. होळकरांच्या गावातून निघालेली गाडी त्यांच्या माहेरच्या मुलखातून जाते, याचं मला दर वेळी बरं वाटतं.) बाकीच्या गाड्या चांदवडवरून नाशिक गाठतात आणि सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे येतात.

पहिली पायरी: उतरायचं कुठे ते ठरवा

तिकिटावर "पुणे" एवढंच वाचून कधी पैसे भरू नका. नगरवरून येणारी गाडी वाघोली, खराडी, येरवडा अशी पूर्वेकडून आत शिरते. नाशिकवरून येणारी चाकण, भोसरी, नाशिक फाटा अशी उत्तरेकडून येते. दोन्ही गाड्या पुण्याच्याच, पण सकाळी झोपेतून उठून सामानासकट खराडीहून वाकड गाठायचं म्हणजे दुसरा प्रवासच.

माझ्या लेकीचं पहिल्या वेळी हेच झालं. खोली घेतली होती वाकडला. तिकीट मी काढलं आणि वेळ, भाडं, ॲपवरच्या रेटिंगच्या चांदण्या एवढंच बघितलं. गाडी निघाली नगर रस्त्याची. पहाटे पाचला क्लीनरनं "पुना, पुना" असं ओरडून तिला येरवड्याच्या अलीकडे एका पुलाखाली उतरवलं. दोन बॅगा, एक गादीची वळकटी, आणि आईनं बळेच दिलेली लोणच्याची बरणी. तिनं मला फोन केला, "आई, मी पुण्यात आहे, पण कुठे आहे ते कळत नाही." बसच्या तिकिटाच्या निम्मे पैसे पुढच्या रिक्षाला गेले. ते पैसे मी विसरले, तिचा तो आवाज विसरले नाही.

म्हणून ढोबळ हिशोब असा ठेवा. विमान नगर, खराडी, कल्याणी नगर, हडपसर या बाजूला जायचं असेल तर नगरमार्गे येणारी गाडी घ्या. पिंपरी-चिंचवड, भोसरी, वाकड, हिंजवडीला जायचं असेल तर नाशिकमार्गे येणारी. शिवाजीनगर, डेक्कन, कोथरूडसाठी कुठलीही चालेल, फक्त शेवटचा थांबा संगमवाडी आहे की आणखी कुठे ते बघा. संगमवाडीला खासगी गाड्यांचा तळ आहे आणि तिथे पहाटेही रिक्षा उभ्या असतात. बुकिंगच्या ॲपवर "ड्रॉपिंग पॉइंट" म्हणून वेळेसकट यादी दिलेली असते. ती शेवटपर्यंत वाचा आणि तुमचा थांबा त्यात नावानिशी असेल तरच पुढे जा. "पुढे कुठेही उतरवू" या तोंडी आश्वासनावर गाडी घेऊ नका.

मुंबईलाही हाच नियम. ठाणे, सायन, दादर एका ओळीत येतात, बोरिवलीची वाट घोडबंदरवरून वेगळी होते. नागपूरची गाडी या रस्त्यानं जातच नाही, ती कन्नौद, हरदा, बैतूल करत जाते. जळगाव-भुसावळला जाणाऱ्यांना सिमरोळ, बडवाह, खंडवा, बऱ्हाणपूर हा रस्ता पडतो. श्रावणात ओंकारेश्वरच्या गर्दीनं मोरटक्क्याचा पूल तुंबतो, तेव्हा त्या वाटेनं हाताशी दोन तास जास्त ठेवा.

दुसरी पायरी: माणूस बघून जागा निवडा

स्लीपर गाडीत "टू बाय वन" असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका बाजूला एकेकट्याचे बर्थ, दुसऱ्या बाजूला दोघांचे, आणि दोन्हीकडे खाली-वर अशा दोन ओळी. एकट्यानं जाणाऱ्यानं एकट्याचाच बर्थ घ्यावा. दोघांच्या बर्थात मध्ये भिंत नसते. अनोळखी माणसाशेजारी रात्रभर आडवं पडायचं असतं, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला तिकीट काढताना लक्षात येत नाही. बायकांनी बुक केलेल्या जागा ॲपवर वेगळ्या रंगात दिसतात आणि त्यांच्या शेजारची जागा सहसा बाईलाच मिळते. तरी मुलगी एकटी जात असेल तर एकेरी बर्थच बरा. शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी पडू द्या.

आता खालचा की वरचा? तरुण पोरांना वरचा चालतो. तिथे वर्दळ कमी, पडदा ओढला की जग बाहेर. पण आई-वडिलांसाठी वरचा बर्थ कधी घेऊ नका. माझी आई सत्तरीची असताना एकदा मला खालची जागा मिळाली नाही. एका रात्रीचा तर प्रश्न, असं म्हणून मी वरची घेतली. ती शिडी म्हणजे खांबाला ठोकलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, पावलाचा पुढचा अर्धा भाग जेमतेम टेकेल एवढ्या. पहिल्या पट्टीवर तिनं पाय ठेवला, वरचा दांडा धरला आणि तिथेच थांबली. गुडघा पुढे उचलला जाईना. मागे लोक खोळंबलेले. शेवटी खालच्या बर्थवरचा एक कॉलेजातला मुलगा उठला, "आजी, तुम्ही इथे झोपा," म्हणाला आणि स्वतः वर गेला. त्याचं भलं होवो. पण दर वेळी असा मुलगा भेटेल असं धरून तिकीट काढता येत नाही. खालचा बर्थ नसेल तर तारीख बदला.

लांबीच्या दिशेनंही विचार करा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सगळ्यात कमी उडतो. मागच्या चाकांच्याही मागे, शेवटच्या दोन ओळींत, प्रत्येक खड्डा पाठीत येतो आणि ज्या गाड्यांचं इंजिन मागे असतं तिथे आवाज आणि उष्णताही लागते. अगदी पुढच्या जागेत हॉर्न, समोरच्या गाड्यांचे दिवे आणि क्लीनरच्या गप्पा. त्यामुळे मधली तिसरी-चौथी ओळ, खालचा बर्थ, हे सगळ्यात चांगलं. ज्यांना गाडी लागते त्यांनी तर दुसरं काही घेऊच नये. वरच्या बर्थवर गाडीचं डोलणं जास्त जाणवतं, आणि या वाटेवर भेरूघाट, बिजासन आणि नाशिककडून गेलात तर राहुडचा घाट आहे. झोपताना पाय ड्रायव्हरच्या बाजूला आणि डोकं मागे ठेवा. करकचून ब्रेक लागला तर डोक्याआधी पाय टेकतात.

धुळे, शिरपूरपर्यंतच जायचं असेल तर स्लीपरचा हट्ट नको. पाच-सहा तासांचा तर प्रवास, आणि रात्रीची गाडी तुम्हाला एक-दोन वाजता हायवेवर उतरवील. सकाळची एसटी किंवा बसायची गाडी घ्या, उजेडी घरी पोचाल.

एसी की बिनएसी? एप्रिल-मेमध्ये निमाड उतरलात की रात्री दहालाही खिडकीतून झळ येते. तेव्हा एसीच घ्या. थंडीत मात्र बिनएसी गाडीच्या खिडकीच्या फटीतून येणारा वारा कानात बसतो. एसी गाडीत पांघरूण देतात, ते कधी धुतलं असेल सांगता येत नाही. घरची एक चादर आणि उशीला गुंडाळायला एक पंचा जवळ ठेवा.

तिसरी पायरी: गाडी आणि तिचा ड्रायव्हर

मी सगळ्यात जास्त आग्रह धरते तो इथे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये यवतमाळहून मुंबईला जाणारी स्लीपर बस पहाटे नाशिकमध्ये धडकून पेटली. जुलै २०२३ मध्ये नागपूरहून पुण्याला येणारी बस मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि २५ जण गेले. आपल्याच वाटेवर, १८ जुलै २०२२ ला, इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली, तेही दिवसाढवळ्या. कोणाला घाबरवायला हे लिहीत नाही. यांतल्या प्रत्येक गाडीत तुमच्या-माझ्या घरातल्यासारखी माणसं होती, आणि कुठल्याही प्रवाशाच्या हातात जेवढं असतं तेवढं तरी आपण करावं, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, दोन ड्रायव्हर. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. त्या जुन्या कायद्यात रोजचे आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, आणि सलग पाच तास चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुण्याची गाडी तेरा तासांची, म्हणजे एकट्या ड्रायव्हरनं ती नेणं त्या हिशोबात बसतच नाही. बुकिंग करण्याआधी ऑफिसात फोन करा आणि सरळ विचारा: "भैया, धुलिया के आगे दूसरा ड्राइवर है ना?" जो लगेच सांगतो, कोण कुठे बदलतो ते सांगतो, त्याची गाडी घ्या. जो "सब हो जाएगा, आप चिंता मत करो" म्हणतो, त्याची नको. मी दर वेळी विचारते. विचारल्यावर कोणी चिडत नाही. चांगल्या गाडीवाल्याला उलट सांगायला आवडतं.

दुसरी, निघायची वेळ. रात्री दोन ते पाच ही माणसाच्या अंगात झोप सगळ्यात दाटून येण्याची वेळ. संध्याकाळी सहा-सातला निघणारी गाडी दोन्ही मोठे घाट बारा वाजायच्या आत उतरलेली असते आणि ड्रायव्हर ताजा असतो. दहाला निघणारी गाडी बिजासन दोनच्या सुमाराला उतरते. मी घाट उतरायच्या हिशोबानं लवकरची गाडी धरते. याला एकच अपवाद. मुलगी एकटी असेल आणि लवकरची गाडी तिला उजाडायच्या आधीच उतरवणार असेल, तर आठची गाडी बघा, म्हणजे पुण्यात दिवस वर आलेला असेल. जिला न्यायला स्टॉपवर कोणी येणार आहे तिला ही अडचण नाही.

तिसरी, गाडीचे कागद. निघायच्या काही तास आधी मेसेजवर गाडीचा नंबर येतो. सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये तो टाकला की गाडीची नोंदणी कधीची, फिटनेस कधीपर्यंत, विमा चालू आहे की संपला, हे दोन मिनिटांत दिसतं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचा फिटनेस दर दोन वर्षांनी आणि त्यापुढच्या गाडीचा दर वर्षी करून घ्यावा लागतो. नंबर नागालँडचा किंवा अरुणाचलचा दिसला तर दचकू नका; ऑल इंडिया टुरिस्ट परमिटवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांची नोंदणी तिकडची असते. फिटनेस किंवा विमा संपलेला दिसला मात्र लगेच ऑफिसात फोन करा, गाडी बदलून मागा, आणि नाही दिली तर तिकीट रद्द करा.

"मल्टीॲक्सल", "एअर सस्पेंशन" हे शब्द जाहिरातीत येतात. मल्टीॲक्सल म्हणजे मागे चाकांची आणखी एक जोडी, आणि एअर सस्पेंशन म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे. दोन्हींमुळे गाडी कमी आदळते. पाठीचं दुखणं असेल तर एअर सस्पेंशनला जास्त पैसे द्यायला हरकत नाही. वायफाय, टीव्ही, पाण्याची बाटली यांच्यासाठी देऊ नका.

पैशांबद्दल थोडंसं

भाडं रोज बदलतं. शुक्रवारी रात्री इंदूरहून आणि रविवारी रात्री पुण्याहून जास्त, मंगळवार-बुधवारी कमी. दिवाळीत आणि गणपतीत ते दुप्पट होतं, तेव्हा महिनाभर आधीच काढून ठेवा. महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये खासगी गाड्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातलेली आहे. पुण्याहून परत येताना कोणी अव्वाच्या सव्वा मागितलं तर तिकिटाची प्रत ठेवून तिथल्या आरटीओकडे तक्रार करता येते. पैसे भरायच्या आधी तिकीट रद्द करण्याचे नियम वाचा आणि त्यांचा स्क्रीनशॉट घ्या. कुठे बारा तास आधीपर्यंत पैसे परत मिळतात, कुठे चोवीस.

एसटीनं जायचं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, या दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच आहेत. इंदूरहून हद्दीपर्यंतचं भाडं पूर्ण पडतं. आधार कार्ड मूळ जवळ ठेवा. दुसरं म्हणजे एसटी पुण्यात वाकडेवाडीच्या स्थानकावर जाते, जे आता शिवाजीनगरचं स्थानक म्हणून चालतं. स्थानकाच्या आत, दिव्याच्या उजेडात, पोलीस चौकीजवळ उतरायला मिळतं. म्हाताऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे, आणि भाड्यापेक्षा मी तिला जास्त किंमत देते.

निघायची संध्याकाळ

इंदुरात गाडीत चढायच्या जागा बऱ्याच. विजय नगर, तीन इमली, नवलखा, राजेंद्र नगर, राऊ. आपल्या घराजवळची निवडा, पण गाडी जिथून सुरू होते ती जागा जमली तर उत्तम, कारण गाडी उभी असताना बघायला वेळ मिळतो. तीन इमलीला संध्याकाळी सात ते नऊ इतक्या गाड्या लागतात की एकाच रंगाच्या तीन शेजारी उभ्या असतात. नाव वाचून चढू नका, नंबर प्लेट बघून चढा.

चढायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. टपावर काय बांधलंय? ताडपत्रीखाली खोकी आणि गाठोडी रचलेली असतील तर गाडीचं वजन वरच्या बाजूला गेलं, आणि घाटाच्या वळणावर तेच वजन गाडीला एका अंगाला ओढतं. थोडं सामान सगळेच नेतात. पण टप दिसेनासा झाला असेल तर आमच्यासारखे चारजण मिळून बोलतात, आणि बोलल्यावर माल उतरवताना मी स्वतः पाहिला आहे. टायरकडेही नजर टाका. नक्षी पुसून गुळगुळीत झालेला टायर कोणालाही ओळखू येतो.

एकदा मात्र मी हे सगळं करूनही फसले. मेसेजवर एक नंबर, उभी होती दुसरीच गाडी. बर्थ सीटमध्ये बदललेले. "वो गाडी बिगड गई मॅडम, यही जाएगी." त्या रात्री मी चढले, कारण सकाळी डॉक्टरांची वेळ होती. आज कोणी विचारलं तर सांगेन: गाडीचा, सीटचा आणि नंबरचा फोटो काढा, ज्या ॲपवरून तिकीट काढलं तिथे त्याच क्षणी तक्रार टाका आणि फरकाचे पैसे मागा. गाडी सुटल्यावर टाकलेल्या तक्रारीला जोर राहत नाही.

मोठी बॅग डिकीत टाकलीत तर तिच्यावर चिठ्ठी लावून घ्या आणि फोटो काढून ठेवा. औषधं, दागिने, प्रवेशाचे कागद, लॅपटॉप हे उशाशी.

आत बसल्यावर पहिली पाच मिनिटं

चप्पल काढायच्या आधी आपत्कालीन दार शोधा. ते बहुतेक उजव्या अंगाला किंवा मागे असतं. त्याच्यासमोर बर्थ ठोकलेला किंवा पार्सलं रचलेली असतील तर क्लीनरला बोलवून तिथल्या तिथे मोकळं करून घ्या. छतावर झडपा असतात, त्या बघून ठेवा. एसी गाडीच्या काचा उघडत नाहीत. त्या फोडायला लहान हातोडी खिडकीजवळ टांगलेली असते. ती जागेवर आहे का बघा. काच फोडायची वेळ आलीच तर मधोमध मारू नका, कोपऱ्यात मारा, तिथे ती लवकर फुटते. शेजारच्या बर्थवर लहान मूल असेल तर त्याच्या आईलाही हे सांगा. मला दोनदा "कशाला अशुभ बोलता" असं ऐकून घ्यावं लागलं, पण दोन्ही वेळा त्या बाईनं मान वर करून झडप बघितलीच.

गाडीचा नंबर आणि क्लीनरचा मोबाइल घरच्यांना पाठवा. ११२ हा पोलीस-रुग्णवाहिकेचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक. दोन्ही राज्यांत तेच चालतात. ड्रायव्हर मोबाइलवर बोलत असेल किंवा गाडी हेलकावे खात असेल तर पुढे जाऊन सांगा. प्रवासी गाडीला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक लावलेला असायला हवा, आणि ८० च्या पुढचा वेग अंगाला कळतो.

जेवणाचा थांबा

सातला निघालेली गाडी नऊ-दहाच्या सुमाराला जुलवानिया किंवा सेंधव्याकडच्या ढाब्यावर थांबते. पुढचा थांबा बहुधा धुळ्याच्या पलीकडे, चहाचा. बायकांनी या पहिल्या थांब्यावर स्वच्छतागृह वापरूनच घ्यावं, लागलेली नसली तरी. मधे थांबा म्हटलं तर ड्रायव्हर अंधारात रस्त्याच्या कडेला थांबवतो आणि ते कोणालाही नको असतं. बुकिंगच्या वेळी थांबे कुठे कुठे आहेत हे विचारून घेतलंत तर पाणी किती प्यायचं याचा हिशोब बसतो.

जेवण घरचं न्या. दशम्या, कोरडी चटणी, एखादं केळं. दह्यातलं, तळलेलं, ढाब्यावरची लाल तर्री, यातलं काही नको. पुढे बिजासनची वळणं आहेत. उतरताना मोबाइल आणि पर्स हातात घ्या, बर्थचा पडदा ओढा, आणि गाडी कुठे उभी आहे ते मागे वळून एकदा बघा. मधे आणखी दोन गाड्या येऊन लागतात. चहाचा कप हातात घेऊन दुसऱ्याच गाडीच्या पायऱ्या चढणारी माणसं मी दर खेपेला बघते.

सकाळ

पोचायच्या वेळेच्या पाऊण तास आधीचा गजर लावा आणि मोबाइलवर नकाशा चालू ठेवा. नगरकडून येत असाल तर शिक्रापूर गेलं की चादर घडी करा, नाशिककडून येत असाल तर चाकण. क्लीनर एकदाच हाक मारतो आणि पडदा ओढून झोपलेल्याला ती ऐकू जात नाही. चप्पल रात्री बर्थखाली सरकवलेली असते आणि घाटात ती गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असते. पिशवीत घालून पायाशीच ठेवा. उतरल्यावर आधी डिकीतून बॅग काढून घ्या, चिठ्ठी जुळवून बघा, मगच क्लीनरला दार लावू द्या. मग रिक्षा बोलवा, आणि तीत बसलात की आधी इंदूरला फोन करा. तिकडे कोणीतरी पाचपासून जागं असतं.